चोळीची गाठ आणि ३४ चा आकडा

"३४ द्या."

कोल्हापुरात महाद्वार रोडवर ब्रा-निकर विकणाऱ्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. बाई काउंटरवर जरा वाकते, आवाज खाली आणते आणि आकडा सांगते. पलीकडचा माणूस न बघताच मागच्या फळीवरून खोका काढतो, उघडून दाखवल्यासारखं करतो आणि पिशवीत घालतो. टेप नाही, घालून बघायची सोय नाही. साडी घेताना पोत चिमटीत चोळून, उजेडात नेऊन, चार दुकानं पालथी घालणारी हीच बाई अंगाला सगळ्यात जवळ बसणारा कपडा एका मिनिटात घेऊन बाहेर पडते. मग वर्षभर तो काचतो, वर चढतो, खांद्यावरून घसरतो. त्यात चूक आपल्या अंगाचीच आहे असं तिला वाटत राहतं.

मी राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत बरीच वर्षं ब्लाउज शिवते. आतले कपडे शिवायला त्यामानानं उशिरा लागले. आधी स्वतःसाठी, मग बहिणीसाठी, मग कुणीतरी कुणाला सांगितलं म्हणून. तेव्हा कळलं, ब्लाउजवालीला यातलं निम्मं आधीच येत असतं. उरलेलं निम्मं मात्र ब्लाउजच्या बरोबर उलटं असतं. ब्लाउजमध्ये आपण अंगाच्या मापावर थोडं सैल सोडतो, इथं अंगाच्या मापापेक्षा कमी कापायचं असतं. आणि तरी काचायला नको!

आरामाचं म्हणजे सैल, ही आपली पक्की समजूत. आतल्या कपड्यात ती चालत नाही. सैल कपडा सरकतो, सरकला की घासतो, गोळा होतो, आणि जे धरायचं ते धरत नाही. कापड कुठं ताणलं जावं आणि कुठं अजिबात ताणलं जाऊ नये, हे जागेजागी ठरवलं की आराम मिळतो. पुढचं सगळं त्या एका गोष्टीबद्दल आहे.

आधी गाठ होती

माझी आजी खणाची चोळी घालायची. पुढं दोन टोकं, त्यांची गाठ. खणाचं कापड ताणत नाही, एक सूतही नाही. तरी ती चोळी तिला सकाळी बसायची, जेवल्यावर बसायची, बाळंतपणात बसायची. कारण मापात बसवायचं काम कापडाकडे नव्हतंच, ते गाठीकडे होतं. रोज सकाळी आजी स्वतःच ठरवायची, आज किती आवळायचं.

तालमीतल्या लंगोटाचंही तेच. साधं सुती कापड, त्याला बंद. खासबागच्या मैदानात उतरणारा पैलवान ते आपल्या अंगाला हवं तसं कसून बांधतो. त्यात ताण देणारा धागा कुठंच नाही, पण कुस्ती संपेपर्यंत जागचं हलत नाही. अंगाला घट्ट बसणारा आणि हालचालीला आड न येणारा कपडा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, एवढंच म्हणायचं आहे.

तिकडे अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीनं दोन हातरुमाल आणि रिबन जोडून एक ब्रा तयार केली आणि १९१४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तीही बांधायचीच होती. खरा बदल झाला तो १९५८ मध्ये. ड्यूपॉन्ट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञानं इलास्टेन हा धागा बनवला. आपण त्याला लायक्रा म्हणतो. तो मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. असा धागा हाताशी आल्यावर गाठीचं काम कापडातच आलं.

सोय मोठी झाली, पण एक गोष्ट हातातून गेली. गाठ रोज बाई स्वतः मारायची. इलास्टिकची गाठ मात्र कपडा बेतणारा माणूस आधीच मारून ठेवतो, तीही न बघितलेल्या बाईसाठी. म्हणून तर मापाचा आकडा लागतो.

३४ म्हणजे कुठले ३४?

टेप घ्या आणि छातीच्या खाली, बरगड्यांवरून, श्वास सोडून माप घ्या. ३४ नंबर घालणाऱ्या बाईचं हे माप ३४ इंच येत नाही, साधारण २९-३० इंच येतं. यात फसवाफसवी नाही, पद्धतच तशी आहे. आपल्याकडे चालणाऱ्या पद्धतीत खालच्या मापात ४ किंवा ५ मिळवून सम आकडा काढतात. ३० अधिक ४, म्हणून ३४. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून दुसरं माप घ्यायचं. ते या आकड्यापेक्षा १ इंच जास्त असेल तर ए, २ असेल तर बी, ३ असेल तर सी, ४ असेल तर डी.

युरोपात सरळ सेंटिमीटर चालतात. त्यांची ७५ म्हणजे आपली ३४, ७० म्हणजे ३२, ८० म्हणजे ३६. तिथं खोक्यावरचा आकडा म्हणजे थेट बरगड्यांचं माप, त्यामुळे गोंधळ कमी. ब्रिटिश पद्धतीनं नीट मोजणाऱ्या दुकानांत ४ मिळवतच नाहीत. म्हणजे तीच बाई एकीकडे ३४ सी आणि दुसरीकडे ३० एफ निघते. 'एफ' ऐकून घाबरायचं कारण नाही, बाई तीच आहे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बी, सी ही अक्षरं म्हणजे वाटीचे ठरलेले आकार नव्हेत. अक्षर फक्त फरक सांगतं. ३४ बीची वाटी आणि ३८ बीची वाटी एकसारखी नसते, ३८ ची बरीच मोठी असते. पट्ट्याचा, म्हणजे वाट्यांखालून पाठीमागे जाणाऱ्या पट्टीचा, नंबर एकानं खाली आणला आणि अक्षर एकानं वर नेलं, तर वाटी जवळपास तेवढीच राहते. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी यांची वाटी एकच, पट्टा वेगळा.

हे कळलं की अर्ध्या तक्रारी सुटतात. आमच्या गल्लीतल्या एक काकी आल्या होत्या. ३६ बी घालायच्या. खांद्यावर खड्डे पडलेले, पाठीमागे पट्टा मानेकडे चढलेला. म्हणाल्या, "लई काचतंय गं. ३८ घ्यावं म्हणतो मी." (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'म्हणतो, जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) माप घेतलं. बरगड्यांवर ३० इंच, छातीवर ३७. म्हणजे त्या ३४ सी. वाटी त्यांची आधीपासून बरोबर होती, पट्टा दोन इंच सैल होता. काचत होतं खांद्यावर, पण दुखणं होतं पाठीत. ३८ घेतली असती तर पट्टा आणखी वर चढला असता आणि खांद्यावर आणखी ओझं आलं असतं.

ओझं कुणी उचलायचं

स्तनाच्या आत स्नायू नसतो. ग्रंथी, चरबी, आणि कातडीपासून खोलवर गेलेले पातळ तंतू असतात. स्नायू असतो तो त्याच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यावर. त्यामुळे बाहेरून आधार द्यायचा तर तो पिंजऱ्यावरूनच द्यावा लागतो. घराच्या तुळईखाली खांब लागतो, वरून दोरी बांधून तुळई धरत नाहीत. इथं खांबाचं काम पट्टा करतो. खांद्यावरचे स्ट्रॅप फक्त वाटी जागेवर ठेवतात.

पट्टा सैल असेल तर तो आपलं काम सोडतो आणि ओझं स्ट्रॅपवर जातं. बाई स्ट्रॅप आवळते. आवळले की पट्टा पाठीमागून आणखी वर खेचला जातो, पुढचं खाली येतं, मग ती पुन्हा आवळते. हे चक्र मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलंय, की आता मी आधी पाठ बघते. पाठीवरचा पट्टा पुढच्यापेक्षा वर असेल तर टेप काढायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं.

स्ट्रॅपची रुंदी का महत्त्वाची तेही इथंच सांगते. ओझं तेवढंच, पण ते किती जागेवर पसरतं यावर खुपणं ठरतं. १ सेंटिमीटरचा स्ट्रॅप २ सेंटिमीटरचा केला तर दाब निम्मा होतो. आपली पाण्याची बादली पातळ तारेच्या कडीनं उचलताना हात कापतो, म्हणून बाया तिथं चिंधी गुंडाळतात. तोच न्याय. भरलेल्या अंगाच्या बाईला दुकानदार बारीक स्ट्रॅपची 'फॅन्सी' ब्रा देतो, तेव्हा मला त्याला बादली उचलायला लावावीशी वाटते.

आणि एक गोष्ट, जी बारीक मुलींना सांगावी लागते. तेच रबर बरणीच्या तोंडाला बसवलं तर नुसतं बसतं, तेवढ्याच ताणानं बोटाला गुंडाळलं तर बोट निळं पडतं. ताण एकच, पण वळण जितकं लहान तितका दाब जास्त. म्हणून बरगड्यांची कड जिथं वळते किंवा कमरेचं हाड जिथं पुढं येतं तिथं इलास्टिक आधी खुपतं. बारीक अंगाला अरुंद आणि कडक इलास्टिक चालत नाही. तिथंही रुंद आणि मऊच लागतं.

द्रोण आणि कटोरी

सपाट कापडातून घुमट कसा करायचा, हे कोल्हापुरात कुणाला नव्यानं शिकवायला नको. पळसाचं पान सपाट असतं. कडेला एक चुणी घालून काडी टोचली की त्याचा द्रोण होतो. चुणी मोठी घेतली तर द्रोण खोल, दोन घेतल्या तर गोल. शिवणकामात तिलाच टक्स म्हणतात. कटोरी ब्लाउजमध्ये आपण याच्या पुढं जातो. टक्स न घालता वाटीचे वेगळे तुकडे कापतो आणि वळणदार शिवणीनं जोडतो. जिला कटोरी ब्लाउज नीट जमतो, तिला ब्राची वाटी जमायला आठवडा लागत नाही.

दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत वाट्या मात्र शिवलेल्या नसतात. फोमचं कापड गरम साच्यात दाबून त्यांना आकार दिलेला असतो. टी-शर्टखाली रेघ दिसत नाही, हा त्यांचा फायदा. तोटा असा की आकार ठरलेला असतो आणि अंगानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं. वर मोकळं राहिलं किंवा बाजूनं बाहेर आलं तर करता येण्यासारखं काही उरत नाही. तीन तुकड्यांच्या शिवलेल्या वाटीत वरचा तुकडा अर्धा सेंटिमीटर कमी केला की काम होतं. मी शिवलेल्या वाटीच्या बाजूची आहे. पक्षपात म्हणा हवं तर.

बहुतेकींच्या दोन बाजू सारख्या नसतात. माप मोठ्या बाजूचं घ्यायचं आणि लहान बाजूला स्ट्रॅप किंचित आवळायचा किंवा आत पातळ अस्तर द्यायचं. उलटं केलं तर मोठी बाजू दिवसभर दाबली जाते.

वाटीच्या खालच्या कडेला बसवलेल्या तारेबद्दल थोडक्यात सांगते. तार स्तनाच्या मुळाशी, बरगड्यांवर टेकली पाहिजे, मऊ भागावर नाही. काखेत टोचत असेल तर बहुधा वाटी लहान आहे. आणि तारेच्या ब्रामुळे कर्करोग होतो हे फॉरवर्ड अजून फिरत असतं. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रानं २०१४ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार असो वा नसो, दिवसात कितीही तास घाला, ब्राचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध त्यात आढळला नाही.

ताणायचं किती

आपल्या जिल्ह्यात कापडाला तोटा नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं सगळं गावच मागावर उभं राहिलं. पण मागावरचं कापड विणलेल्या बाजेसारखं असतं, उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांत अडकलेले. धाग्यात इलास्टेन नसेल तर असं कापड ताणत नाही. फक्त उरेब कापलं, म्हणजे तिरकं, तर थोडं लवतं. जुन्या शिंप्यांनी हेच वापरलं. स्वेटरसारखं फासे घालून विणलेलं कापड वेगळं. फासा लांबतो, परत गोल होतो. यालाच आपण होजिअरी म्हणतो आणि त्याची पंढरी तमिळनाडूतलं तिरुपूर. चांगल्या निकरचं कापड बहुधा ९५ टक्के सूत आणि ५ टक्के इलास्टेन असं असतं. ताण फाशांतून येतो, परत जागेवर यायचं काम ते ५ टक्के करतात.

दुकानात कापड घेताना लेबलावर विसंबू नका. पट्टी घेऊन जा. कापडावर १० सेंटिमीटरची खूण करा आणि आडवं ताणा. सहज १४ पर्यंत गेलं तर ४० टक्के ताण. खरी परीक्षा यापुढं आहे. सोडून द्या आणि परत मोजा. १० ला १० आलं तर घ्या. साडेदहा आलं तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा, कारण त्या कापडाची निकर दुपारपर्यंत ढुंगणाखाली झोळी होते. ताणलं जाणारं कापड पैशाला पासरी मिळतं, परत येणारं शोधावं लागतं.

आता काकींच्या ३४ सीचा हिशेब. बरगड्यांचं माप ७६ सेंटिमीटर. वाट्यांखालचा आणि त्यांच्या मधला पुढचा भाग ३६ सेंटिमीटर धरू. तो भाग ताणता कामा नये, म्हणून त्याला आतून न ताणणारं पातळ अस्तर दिलं. उरले ४० सेंटिमीटर, बाजूचे आणि पाठीचे. तिथं मी पॉवरनेट नावाची ताणणारी जाळी वापरते आणि ती ४० नाही, हुकासकट ३० कापते. म्हणजे घातल्यावर ३० चे ४० होतात, तिसऱ्या हिश्शानं ताण. ही ३० ची जाळी जास्तीत जास्त ५०-५५ सेंटिमीटरपर्यंत जाते. मी तिचा सगळा ताण वापरत नाही, फार तर निम्मा वापरते. का? काकी जिना चढणार, खोल श्वास घेणार, वाकून पाट उचलणार. त्यासाठी ताण शिल्लक हवा. सगळा ताण उभं राहण्यातच संपला तर श्वासाला जागा उरत नाही, आणि आपण म्हणतो 'गुदमरल्यासारखं होतं'.

हौशी शिवणाऱ्या इथं एक चूक करतात. ताणणारं कापड आहे ना, मग पुढून-मागून सगळीकडे तेच. पुढचा भाग ताणला की वाट्या काखेकडे ओढल्या जातात, मधला तुकडा छातीपासून सुटतो आणि पट्टा कितीही घट्ट केला तरी आधार मिळत नाही. मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तारेच्या ब्राची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. पुढून हलू नये, मागून ताणलं जावं.

खालचा कपडा: सगळं आसनात

निकर हा सोपा कपडा वाटतो. मला तो ब्रापेक्षा अवघड गेला.

सलवार शिवणारीला आसन माहीत असतं. कमरेच्या पुढून, पायांमधून, कमरेच्या मागे. आसन आखूड झालं की सलवार फाटते. निकर फाटत नाही, ताणते, आणि आत ओढली जाते. मग बाई म्हणते, 'नंबर मोठा हवा'. मोठ्या नंबरात कंबर सैल होते, पण मागचा भाग अरुंदच राहिला तर तक्रार तशीच राहते. निकर मागून गोळा होते त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच: मागचं आसन कमी, किंवा मागचा तुकडा अरुंद. पुढचा आणि मागचा तुकडा सारखा कापणाऱ्या स्वस्त निकरा बघा. घडी घातली तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. अंग तसं नसतं. मागचा तुकडा रुंद हवा, वर उंच हवा आणि खाली गोलाई जास्त हवी.

आणि आपण खुर्चीवर बसणारी माणसं कमी. मांडी घालून जेवतो, उकिडवं बसून भाजी निवडतो, चुलीपुढं, नळापुढं बसतो. उकिडवं बसलं की मागचं आसन कितीतरी लांबतं. स्वतःच टेप धरून बघा, उभ्यानं आणि उकिडवं. त्या फरकावर निकर बेतायची. माझ्याकडे ट्रायलला आलेल्या प्रत्येकीला मी आधी उकिडवं बसवते, मग चार पावलं चालायला लावते. हात न लावता कपडा जागेवर राहिला तर पास. आरशात बघून काही कळत नाही.

पायाच्या इलास्टिकची एक गोम आहे. समजा पायाची गोलाई ५६ सेंटिमीटर आहे आणि इलास्टिक ५० कापलं. ही ६ सेंटिमीटरची तूट सगळीकडे सारखी वाटली तर जांघेत वळ उठतात. जांघेची घडी नाजूक, तिथं घाम, तिथंच चालताना घासणं. म्हणून पुढं इलास्टिक न ताणता, नुसतं ठेवून शिवायचं. सगळी तूट मागच्या भागात जिरवायची. तिथं मांसल भाग असतो, ताण सहन होतो आणि कापड खालून नीट धरलं जातं.

मधली दुहेरी पट्टी, जिला गसेट म्हणतात, तिच्यात काटकसर नको. आतलं कापड सुतीच हवं. नायलॉनच्या निकरला आत सुती पट्टी असते ती शोभेला नसते. ओल शोषली गेली नाही तर ऊब आणि दमटपणा साठतो, बुरशीला आणखी काय पाहिजे? पट्टी लांबीला पुरेशी हवी आणि तिच्या बरोबर मधून शिवण जाता कामा नये. ही एवढी गोष्ट बघून मी दुकानातली निकर पारखते.

टाका

घरच्या काळ्या मशीनचा सरळ टाका ताणत नाही. कापड ताणलं की तो तटकन तुटतो. म्हणून झिगझॅग, किंवा ओव्हरलॉक, किंवा दोन बाजूंनी सपाट बसणारी फ्लॅटलॉक शिवण. फ्लॅटलॉकची मशीन महाग, पण अंगाला उठून लागणारी शिवण तिच्यात नसते. सुई बॉलपॉइंट घ्या. तिचं टोक बोथट असतं, ती फाशांच्या मधून जाते. साधी टोकदार सुई धागाच टोचते आणि चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेला बारीक भोकं दिसायला लागतात. मी पहिल्या दहा निकरा अशाच वाया घालवल्या. कापडाला दोष देत होते.

मैदानावरच्या मुली

कोल्हापुरात आता मुलीही तालमीत जातात, कबड्डी खेळतात, फुटबॉलला येतात. त्यांच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा 'घट्टातली घट्ट' मागतात. पळताना स्तन फक्त वर-खाली होत नाही, डावी-उजवीकडे आणि पुढं-मागेही हलतो, साधारण इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ही हालचाल बारकाईनं मोजली आहे. ती थांबवायच्या दोन पद्धती. एक, सगळं मिळून छातीला दाबून धरायचं. लहान मापाला हे चालतं. दुसरी, प्रत्येक बाजूला वेगळी वाटी देऊन धरायचं; भरलेल्या मापाला हेच हवं. नुसतं दाबलं तर दोन्ही मिळून हलतात आणि श्वास कोंडतो तो वेगळाच.

स्पोर्ट्स ब्राचा जन्म कसा झाला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लिसा लिंडाल या बाई पळायला जायच्या आणि हैराण व्हायच्या. त्यांच्या नवऱ्यानं थट्टेत पुरुष खेळाडूंचा लंगोटवजा पट्टा छातीवर ओढून दाखवला. त्यांनी, वेशभूषाकार मैत्रीण पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी तसे दोन पट्टे खरोखर एकमेकांना शिवले, आणि पहिला नमुना तयार झाला. म्हणजे धागा शेवटी लंगोटापाशीच येऊन भिडला!

पावसाळा

जुलैत पंचगंगा फुगते तेव्हा आमच्या घरात दोरीवर दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. आतले कपडे तर आणखी उशिरा. कारण ते दोरीवर उघडे नसतातच, टॉवेलखाली नाहीतर परकराखाली लपवलेले असतात. इलास्टिकच्या घड्यांत ओल राहते, सकाळी ते दमटच अंगावर चढतात आणि मग जांघेत नायटा, खाज. डॉक्टर मलम देतात, कपडा तसाच दमट राहतो. वारा लागेल असं पसरून वाळवणं हाच यावर उपाय आहे. कितीही चांगलं बेतलं तरी या टॉवेलवर मला डिझाइन सापडलेलं नाही. इलास्टेनला कढत पाणी आणि ब्लीचिंग पावडर सोसत नाही. इस्त्रीही नको. पिळताना पीळ देऊ नका, दाबून पाणी काढा.

काकींची ब्रा तयार झाली तेव्हा त्यांनी ती घातली, हात वर केले, उकिडवं बसून बघितलं (ब्रासाठी याची गरज नव्हती, पण त्यांनी ऐकलं होतं). हुक त्यांनी सगळ्यात आतल्या ओळीत लावला होता. मी सोडून बाहेरच्या, सैल ओळीत लावला.

"मग ह्या बाकीच्या दोन ओळी कशाला ठेवल्यास?"

"पट्टा सहा महिन्यांत थोडा सैल पडतो, काकी. मग एकेक ओळ आत जायचं. आधीच आत लावलात तर पुढं जायला जागा कुठं उरते?"

त्यांनी दोन बोटं पट्ट्याखाली घालून बघितली. गेली, तिसरं गेलं नाही. आणखी दोन शिवायला सांगून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, धुऊन उघड्यावरच वाळत घालतो बघ, आता काय लाजायचं ह्या वयात. परवा त्यांच्या गॅलरीकडे सहज नजर गेली. ब्रा काही दिसली नाही. टॉवेल मात्र जरा फुगलेला होता.